मोई नदीकाठचा दुअंमल: म्यानमार–थायलंड सीमेवरील फसवणूक-केंद्रे आणि वादग्रस्त सार्वभौमत्व

थायलंडच्या ताक प्रांतातील मे सोत आणि म्यानमारच्या कायिन राज्यातील म्यावडी ही दोन सीमावर्ती शहरे मोई नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. त्यांना जोडणारा पहिला मैत्री पूल १९९७ मध्ये, तर दुसरा २०१९ मध्ये खुला झाला. मणिपूरमधील मोरेहपासून निघणारा, सुमारे १,३६० किलोमीटर लांबीचा नियोजित भारत–म्यानमार–थायलंड त्रिपक्षीय महामार्गही मे सोतपाशीच संपतो. व्यापार आणि दळणवळण यांचे द्वार म्हणून ज्या टापूकडे पाहिले जात होते, तो आज सायबर गुलामीचे जगातील एक प्रमुख केंद्र म्हणून ओळखला जातो.

या केंद्रांची झळ परदेशस्थ मराठी वाचकाला दोन बाजूंनी पोहोचते. फसवणुकीचे सावज म्हणून तेथील टोळ्या ज्यांना हेरतात, त्यांत अमेरिका, ब्रिटन व आखाती देशांतील बचत बाळगून असलेले नोकरदार मोठ्या संख्येने असतात. आणि त्यांना फसविण्याच्या कामाला जुंपण्यासाठी ज्यांना आमिष दाखवून नेले जाते, त्यांत इंग्रजी व संगणक जाणणारे भारतीय तरुण असतात. ही केंद्रे कशी उभी राहिली, ती वारंवार धाडी पडूनही का टिकतात आणि त्यांचा सीमाप्रदेशातील सार्वभौमत्वाच्या वादाशी काय संबंध आहे, याचा आढावा येथे घेतला आहे.

सार्वभौमत्व: हक्क आणि उत्तरदायित्व

१९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारानुसार राज्य म्हणून गणले जाण्यासाठी स्थिर लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि अन्य राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता या चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात. परंतु सार्वभौमत्व हा केवळ हक्क नाही. पाल्मास बेटाच्या खटल्यात १९२८ मध्ये लवाद मॅक्स ह्युबर यांनी स्पष्ट केले की, स्वतःच्या भूमीवर एकाधिकाराने सत्ता चालविण्याच्या हक्कासोबतच, त्या भूमीवर अन्य राज्यांच्या व त्यांच्या नागरिकांच्या हक्कांचे रक्षण करण्याचे कर्तव्यही येते. १९४९ च्या कॉर्फू सामुद्रधुनीच्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच तत्त्व पुढे नेले. कोणत्याही राज्याने आपली भूमी अन्य राज्यांच्या हक्कांविरुद्धच्या कृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये, असे त्या निकालाने सांगितले.

हक्क एकाकडे, वसुली दुसऱ्याकडे आणि जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी स्थिती उद्भवली तर काय होते, याची कल्पना मराठी वाचकाला इतिहासावरून येऊ शकेल. अठराव्या शतकातील दख्खनमध्ये एकाच मुलखातून निजामाचे आणि मराठ्यांचे अंमलदार आपापला महसूल वसूल करीत. या व्यवस्थेला मराठी इतिहासलेखनात ‘दुअंमल’ असा शब्द आहे. बंगालमध्ये १७६५ नंतर क्लाइव्हने आणलेली दुहेरी राज्यव्यवस्थाही याच जातीची होती. दिवाणीचे उत्पन्न कंपनीकडे आणि प्रजेच्या संरक्षणाचा भार नवाबाच्या माथी, असे तिचे स्वरूप होते. मोई नदीच्या काठी आज जे दिसते, त्याला आधुनिक दुअंमल म्हणता येईल. तेथे सत्ता नाही असे नाही. तेथे वसुली करणाऱ्या सत्ता एकाहून अधिक आहेत आणि जाब विचारायला गेल्यास प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

वादाची मुळे

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी फेब्रुवारी १९४७ मध्ये आँग सान यांनी शान, काचिन व चिन नेत्यांशी पांगलाँग करार केला होता. करेन समाजाचे प्रतिनिधी त्या कराराचे स्वाक्षरीकर्ते नव्हते. स्वतंत्र राज्याची मागणी करणाऱ्या करेन राष्ट्रीय संघटनेने, म्हणजेच केएनयूने, जानेवारी १९४९ च्या अखेरीस शस्त्र उचलले. जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या अंतर्गत संघर्षांत त्याची गणना होते.

१९९४ च्या अखेरीस केएनयूमध्ये फूट पडली. बहुसंख्य बौद्ध सैनिकांचा एक गट, नेतृत्व प्रामुख्याने ख्रिस्ती असल्याची तक्रार करीत, बाहेर पडला आणि त्याने लष्कराशी हातमिळवणी केली. परिणामी जानेवारी १९९५ मध्ये केएनयूचे मुख्यालय मानेरप्लाव पडले. या फुटीर गटाने पुढे थायलंडला लागून असलेल्या सीमेवर आपापले टापू आखून घेतले. २००८ च्या राज्यघटनेनुसार देशातील सर्व सशस्त्र दले लष्कराच्या अधिपत्याखाली आणण्याचे ठरले. त्या धोरणानुसार २०१० मध्ये या गटाच्या मोठ्या हिश्शाचे रूपांतर ‘सीमारक्षक दला’त करण्यात आले आणि सॉ चिट थू हे त्याचे प्रमुख नेते म्हणून पुढे आले.

या व्यवस्थेत लष्कराला केएनयूविरुद्ध एक सशस्त्र साथीदार मिळाला. दलाला मिळाले ते वेतन, अधिकृत ओळख आणि आपल्या टापूत उद्योगधंदे चालविण्याची मोकळीक. सीमेवरची नाकी, नदीवरचे धक्के आणि जमीन या तिन्हींवर ताबा असलेल्या दलाला अशी मोकळीक मिळाली की तिचे रूपांतर कशात होईल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नव्हती.

श्वे कोक्को: कागदावर एकोणसाठ बंगले

म्यावडीच्या उत्तरेस नदीकाठी श्वे कोक्को हे लहानसे गाव आहे. २०१७ च्या सुमारास तेथे सीमारक्षक दलाच्या भागीदारीत ‘याताई नवनगर’ या प्रकल्पाची आखणी झाली. चीनमध्ये जन्मलेले आणि कंबोडियाचे नागरिकत्व घेतलेले उद्योजक शे झिजियांग हे या प्रकल्पाचे प्रवर्तक होते. म्यानमारच्या गुंतवणूक आयोगाने २०१८ मध्ये मान्यता दिली ती सुमारे २५ हेक्टरवरील ५९ बंगल्यांना आणि सुमारे २ कोटी २५ लाख डॉलरच्या गुंतवणुकीला. कंपनीची जाहिरात मात्र १५ अब्ज डॉलर खर्चून उभ्या राहणाऱ्या महानगराची होती. मंजुरी आणि बांधकाम यांतील ही तफावत लक्षात आल्यावर २०२० मध्ये तत्कालीन नागरी सरकारने चौकशी नेमली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि त्या चौकशीमागचा राजकीय आधारच नाहीसा झाला.

याच काळात दोन घडामोडींनी या वसाहतींना बळ दिले. कंबोडियाने २०१९ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, तेव्हा सिहानुकव्हिल येथील अनेक टोळ्या नव्या जागेच्या शोधात निघाल्या. पाठोपाठ करोनाची महासाथ आली, जुगारी पर्यटक थांबले आणि रिकाम्या कॅसिनोंच्या मालकांनी मोबाइलवरून चालणाऱ्या फसवणुकीकडे मोर्चा वळविला. म्यावडीच्या दक्षिणेस केके पार्क या नावाने ओळखले जाणारे संकुलही याच सुमारास विस्तारले.

शे झिजियांग यांना ऑगस्ट २०२२ मध्ये बँकॉक येथे अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचे चीनकडे प्रत्यार्पण झाले. प्रवर्तक तीन वर्षे तुरुंगात असतानाही श्वे कोक्कोमधील इमारती वाढतच राहिल्या. संकुलाचा आधार एका व्यक्तीत नसून जमिनीच्या ताब्यात आहे, याचा हा पुरावा मानता येईल.

एका संकुलाचे अनेक लाभधारक

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या वित्त विभागाने सॉ चिट थू, त्यांचे दोन पुत्र आणि त्यांचे दल यांच्यावर निर्बंध घातले. ब्रिटनने सॉ चिट थू यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्येच निर्बंध जारी केले होते. अमेरिकी आदेशात ठेवलेला ठपका या व्यवस्थेचे नेमके चित्र उभे करतो: दल आपल्या ताब्यातील जमीन गुन्हेगारी टोळ्यांना भाड्याने देते, वीज व अन्य सुविधा विकते आणि संकुलांना पहारा पुरविते. फसवणुकीतील सहभागाचे आरोप दलाच्या प्रवक्त्यांनी वेळोवेळी नाकारले आहेत.

वीज येत होती ती थायलंडमधून. सीमापार पुरवठ्याच्या करारांनुसार थायलंडच्या प्रांतीय वीज प्राधिकरणाच्या तारा म्यानमारमधील सीमावर्ती गावांना वीज देत. इंटरनेटच्या जोडण्या आणि इंधनही नदीपलीकडूनच जात असे. संकुलांचे चालक व भांडवल बहुतांशी चिनी गुन्हेगारी जाळ्यांचे, श्रम अनेक देशांतून आणलेल्या तरुणांचे, आणि लुटला जाणारा पैसा अमेरिका, युरोप, चीन व भारतातील कुटुंबांचा.

या दलाचे राजकीय स्थानही सोयीनुसार बदलत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्याने लष्कराकडून वेतन घेणार नसल्याचे जाहीर केले आणि थोड्याच काळात ‘करेन राष्ट्रीय सेना’ असे नवे नाव धारण केले. एप्रिल २०२४ मध्ये केएनयू आणि तिच्या मित्रगटांनी म्यावडीतील लष्कराचा शेवटचा मोठा तळ जिंकला, तेव्हा शहर लष्कराच्या हातून गेल्याचे जगाने मानले. परंतु काही दिवसांतच या दलाच्या साहाय्याने लष्करी तुकड्या परतल्या आणि केएनयूला शहरातून मागे हटावे लागले. शहरावर ध्वज कोणाचा, हा प्रश्न या धामधुमीत दोनदा उलटसुलट झाला. संकुलांतील कामकाज मात्र सुरूच राहिले.

सापळ्याची रचना

फसवणुकीच्या या प्रकाराला चिनी भाषेत ‘शा झू पान’ म्हणतात. डुकराला खाऊ घालून पुष्ट करावयाचे आणि मग कापावयाचे, असा त्याचा आशय. बळी पडलेल्या व्यक्तीचा त्यात अवमान होतो, म्हणून इंटरपोलने डिसेंबर २०२४ मध्ये हा शब्दप्रयोग टाळण्याचे आवाहन केले.

पद्धत ठरलेली असते. चुकून आल्यासारखा एखादा संदेश येतो किंवा व्यावसायिक संपर्काच्या संकेतस्थळावर ओळखीची विनंती येते. काही आठवडे गप्पा होतात. पैशांचा विषय निघत नाही. मग समोरची व्यक्ती सहज बोलता बोलता आपल्या गुंतवणुकीचा उल्लेख करते आणि एका व्यासपीठाचा दुवा देते. पहिली छोटी रक्कम नफ्यासह परत मिळते, त्यामुळे विश्वास बसतो. मोठी रक्कम गुंतविल्यावर ती काढण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरण्याची मागणी होते आणि तेथे सारे संपते. पडद्यावर दिसणारा नफा आणि आलेख बनावट असतात. पैसा पहिल्याच दिवशी आभासी चलनात रूपांतरित होऊन अनेक खात्यांतून फिरविलेला असतो. या साखळीत कंबोडियातील हुइओने समूहाने ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२५ या काळात किमान ४ अब्ज डॉलरची अवैध रक्कम फिरविल्याचे अमेरिकेच्या वित्तीय गुन्हे यंत्रणेने मे २०२५ मध्ये नमूद केले.

या धंद्याची व्याप्ती मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये पूर्व व आग्नेय आशियातील नागरिकांचे अशा फसवणुकीतून १८ ते ३७ अब्ज डॉलरचे नुकसान झाले. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२४ मध्ये आलेल्या तक्रारींत आभासी चलनातील गुंतवणूक-फसवणुकीचा आकडा ५.८ अब्ज डॉलर होता. लाजेपोटी किंवा भीतीपोटी जे तक्रारच करीत नाहीत, त्यांचे नुकसान यात धरलेले नाही.

संदेश लिहिणारा हातही अनेकदा बांधलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक बळजबरीने अशा कामाला लावले गेले असावेत, असा अंदाज दिला. बँकॉकला विमानाने उतरवायचे, तेथून रस्त्याने मे सोतपर्यंत न्यायचे आणि होडीने नदी पार करवायची, हा नेहमीचा मार्ग. पलीकडे गेल्यावर पारपत्र काढून घेतले जाते, दिवसाला ठरावीक सावजे गाठण्याचे उद्दिष्ट दिले जाते, ते न गाठल्यास मारहाण होते, विजेचे झटके दिले जातात. सुटका हवी असल्यास खंडणी मागितली जाते आणि ती न मिळाल्यास माणूस दुसऱ्या टोळीला विकला जातो. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी याहून फार वेगळी नाही.

उत्तरेकडील उदाहरण: कोकांग

सार्वभौमत्वाचा वाद आणि गुन्हेगारी यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे म्यानमारच्या दुसऱ्या टोकाला, चीनच्या सीमेवर दिसते. शान राज्यातील कोकांग हा टापू चिनी भाषक बहुसंख्येचा आहे. २००९ मध्ये लष्कराने तेथील जुन्या सशस्त्र गटाला हुसकावून लावले आणि सत्ता आपल्या बाजूच्या घराण्यांकडे सोपविली. बाई, वेई, लिऊ आणि मिंग या घराण्यांनी लाउक्काई शहर प्रथम जुगाराचे आणि नंतर फसवणुकीचे आगर बनविले. सीमारक्षक दलाची योजना येथेही लागू होती.

येथील टोळ्यांचे मुख्य सावज चिनी नागरिक होते आणि कामाला जुंपलेलेही बहुतांशी चिनीच होते. चीनने लष्करी राजवटीकडे वारंवार कारवाई मागितली. ती समाधानकारक झाली नाही. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी तीन सशस्त्र गटांच्या आघाडीने उत्तर शान राज्यात मोठी चढाई केली आणि तिच्या घोषित उद्दिष्टांत फसवणूक-केंद्रांच्या उच्चाटनाचा समावेश केला. जानेवारी २०२४ मध्ये लाउक्काई या आघाडीच्या हाती आले. घराण्यांचे प्रमुख चीनच्या ताब्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वेनझोऊ येथील न्यायालयाने मिंग घराण्याशी संबंधित ११ जणांना देहदंडाची शिक्षा सुनावली. नोव्हेंबरमध्ये शेनझेन येथील न्यायालयाने बाई घराण्याच्या टोळीतील पाच जणांना तीच शिक्षा दिली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शेजारील महासत्तेने मनावर घेतल्यास अशी केंद्रे काही महिन्यांत बंद होऊ शकतात. दुसरा निष्कर्ष तितकासा दिलासा देणारा नाही. कोकांगमधील बंदोबस्त म्यानमारच्या कायद्याने झाला नाही; तो एका सशस्त्र गटाच्या चढाईने आणि परकीय दबावाने झाला. गुन्हेगारी हटली, परंतु त्या भूमीवर कोणाचा अधिकार, हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय कारवाई झाली ती चिनी नागरिकांच्या हितासाठी. ज्या देशांच्या नागरिकांना मोई नदीकाठच्या केंद्रांतून लुटले जाते, त्यांपैकी बहुतेकांची सीमा म्यावडीला लागून नाही.

लाओस: भाडेपट्ट्याने दिलेली सत्ता

दुअंमलाचा तिसरा प्रकार लाओसमध्ये आढळतो. तेथे बंडखोरी नाही, फुटीर दल नाही. मेकाँग नदीकाठी, म्यानमार व थायलंड यांच्या सीमा जेथे भिडतात त्या बोकेओ प्रांतात, २००७ मध्ये सरकारने चिनी उद्योजक झाओ वेई यांच्या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन दिली. तेथे ‘सुवर्ण त्रिकोण विशेष आर्थिक क्षेत्र’ उभे राहिले. अमेरिकेने जानेवारी २०१८ मध्ये झाओ वेई यांच्या जाळ्यावर अमली पदार्थ, मानवी तस्करी व काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपांखाली निर्बंध घातले; त्यांनी ते आरोप फेटाळले. म्यानमारमध्ये सत्तेचे तुकडे युद्धाने झाले, येथे ते सरकारी सही-शिक्क्यानिशी झाले. व्हिएन्तिआन येथील भारतीय दूतावासाने या क्षेत्रातून ऑगस्ट २०२४ मध्ये ४७ आणि जानेवारी २०२५ मध्ये ६७ भारतीयांची सुटका केली.

भारतीय तरुण आणि महाराष्ट्र

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच सावधगिरीची सूचना काढली होती. थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री व विपणन अधिकारी’ अशा पदांचे आमिष दाखवून संगणक जाणणाऱ्या तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचे तीत म्हटले होते. भरती समाजमाध्यमांतील जाहिरातींतून, तसेच भारत आणि दुबई येथील दलालांमार्फत होत असल्याचेही तिने नोंदविले होते. आखातातील वाचकांनी ही नोंद विशेष लक्षात घ्यावी. तेथे नोकरी गमावलेला किंवा व्हिसाची मुदत संपत आलेला तरुण दलालांच्या जाळ्यात सहज सापडतो.

देशांतर्गत आकडेवारीही गंभीर आहे. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम येथे गेलेल्यांपैकी २९,४६६ भारतीय परतले नसल्याचे इमिग्रेशन विभागाच्या माहितीतून पुढे आले. त्यांत पंजाब, महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही राज्ये आघाडीवर होती. न परतलेला प्रत्येक जण गुलामीतच आहे, असा याचा अर्थ नव्हे; तथापि शोध कोठून सुरू करावा, हे या आकड्यांनी सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका आणि भरती करणाऱ्या पाच जणांची अटक जाहीर केली.

तत्पूर्वी जानेवारी २०२५ मध्ये चिनी अभिनेता वांग शिंग मे सोत येथून बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी म्यानमारमधून परत आणला गेला. चिनी पर्यटक थायलंडकडे पाठ फिरवू लागल्यावर थायलंडने ५ फेब्रुवारी रोजी म्यानमारमधील पाच ठिकाणांचा वीजपुरवठा, तसेच इंटरनेट व इंधन तोडले. त्यानंतर सुमारे सात हजार लोक संकुलांतून बाहेर काढले गेले. भारतीय हवाई दलाच्या विमानांनी १० मार्चला २८३ आणि ११ मार्चला २६६ भारतीयांना मायदेशी आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्कवर धाड घातल्याचे जाहीर केले, तेव्हा १,५०० हून अधिक लोक नदी ओलांडून मे सोतला पोहोचले. त्यांतील २७० भारतीय ६ नोव्हेंबरला आणि १९७ भारतीय १० नोव्हेंबरला परतले.

धाडीनंतर धाड

या कारवायांचा परिणाम किती टिकला? फेब्रुवारीत वीज तोडल्यावर संकुलांनी जनित्रे आणि उपग्रहाद्वारे मिळणारे इंटरनेट यांवर अधिक भर दिला. ऑक्टोबरमध्ये स्टारलिंकच्या चालक कंपनीने या केंद्रांच्या परिसरातील २,५०० हून अधिक संच बंद केल्याचे जाहीर केले. म्यानमारमध्ये त्या सेवेला परवानाच नव्हता. म्हणजे फेब्रुवारी आणि ऑक्टोबर यांमधील आठ महिन्यांत व्यवसाय नव्या साधनांवर उभा राहिला होता. केके पार्कमधील इमारती स्फोटकांनी उडविल्याची छायाचित्रे लष्कराने प्रसृत केली आणि नोव्हेंबरमध्ये श्वे कोक्को येथेही कारवाई दाखविली. २८ डिसेंबर २०२५ पासून घ्यावयाच्या निवडणुकीच्या तोंडावर लष्करी राजवटीला जगापुढे कर्तव्यदक्ष सार्वभौम शासन म्हणून उभे राहणे आवश्यक होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. संकुलांचे मालक मात्र क्वचितच न्यायालयापुढे आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने याच परिसरातील डीकेबीए या दुसऱ्या करेन सशस्त्र गटावरही निर्बंध घातले आणि फसवणूक-केंद्रांविरुद्ध स्वतंत्र विशेष पथक स्थापन केले. एका दलावर दबाव आला की टोळी काही मैलांवरील दुसऱ्या दलाच्या आश्रयाला जाते, हे ओळखल्याचे हे लक्षण आहे. दुअंमलाच्या मुलखात भाडेकरूला घरमालक बदलणे अवघड नसते.

सुटलेला तरुण: पीडित की आरोपी?

सुटून आलेल्या व्यक्तीने दबावाखाली का होईना, लोकांना फसविलेले असते. मानवी तस्करीविरोधी पालेर्मो प्रोटोकॉल २००० मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार बळजबरी किंवा फसवणूक यांचा वापर झाला असल्यास पीडिताची कथित संमती विचारात घेतली जात नाही. तस्करीमुळे करावे लागलेल्या गुन्ह्यासाठी पीडिताला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारविषयक मार्गदर्शक सूचनांतही मान्य झाले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तस्करी हा गंभीर गुन्हा आहे.

व्यवहारात मात्र पीडित, कमिशनच्या आशेने स्वेच्छेने गेलेला आणि पुढे स्वतःच भरती करणारा, या तिघांतील रेषा पुसट असते. तिघेही एकाच विमानातून परततात. सरसकट आरोपी मानले तर खरे पीडित दलालाचे नाव सांगण्यास पुढे येत नाहीत. सरसकट पीडित मानले तर दलाल त्यांच्यातच दडून राहतात. प्रत्येकाचा जबाब स्वतंत्रपणे नोंदवून दलालापर्यंत जाणारा दुवा शोधणे हे पोलिसांपुढील खरे काम आहे. भरतीची ही कडी निदान अशी आहे की जिच्यावर भारताचे सार्वभौमत्व निर्विवाद आहे.

वाचकांसाठी काही खुणा

थायलंड, लाओस किंवा कंबोडियातील नोकरीसाठी पर्यटक म्हणून जाण्यास सांगणे ही सर्वांत ठळक धोक्याची खूण आहे. भारतीयांना थायलंडमध्ये मिळणारा व्हिसामुक्त प्रवेश पर्यटनासाठी आहे. तो कामाचा परवाना नव्हे. मुलाखत केवळ टंकलेखनाचा वेग आणि इंग्रजी संभाषणापुरती असणे, कंपनीचा निश्चित पत्ता नसणे, विमानतळावर अनोळखी चालकाने उतरवून घेणे आणि मे सोतच्या दिशेने प्रवास सुरू होणे, या पुढच्या खुणा होत. परदेशी भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते. गावाकडून एखाद्या भाच्या-पुतण्याने अशा नोकरीबद्दल विचारले, तर परदेशातील अनुभवी नातेवाइकाचा एक फोन पुष्कळ काही वाचवू शकतो.

गुंतवणुकीच्या बाबतीत, प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तीने सुचविलेले व्यासपीठ आणि रक्कम काढण्याआधी मागितलेले शुल्क या दोन खुणा पुरेशा आहेत. फसवणूक झाल्यास भारतात १९३० या क्रमांकावर आणि अमेरिकेत एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठविण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पुढे काय

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांविरुद्धचा पहिला जागतिक करार संमत केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो हनोई येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. चाळीस देशांनी मान्यता दिल्यावर तो अंमलात येईल. पुराव्यांची देवाणघेवाण त्यामुळे सुकर होईल. तरीही असा प्रत्येक करार राज्याराज्यांमध्ये असतो आणि ज्याच्या ताब्यात प्रत्यक्ष जमीन आहे ते दल त्यात पक्षकार नसते. करारावर सही करणाऱ्याच्या हाती म्यावडीचा काठ नाही आणि काठ ज्याच्या हाती आहे त्याची सही कोणी मागत नाही.

म्हणून उपायांचे मोजमाप पाडलेल्या इमारतींच्या संख्येवरून करता येणार नाही. जमिनीचे भाडे कोणाला जाते, वीज आणि इंटरनेट कोण विकते, आभासी चलन कोठे रोखीत बदलते आणि तरुण कोणत्या दलालाकडून येतो, या चार प्रवाहांपैकी किती आटले, हा खरा निकष होय. यांपैकी पहिला प्रवाह म्यानमारमधील राजकीय तोडग्याविना थांबणे कठीण आहे आणि तो तोडगा आज दृष्टिपथात नाही. उरलेले तीन मात्र बँकॉक, दुबई, मुंबई आणि न्यूयॉर्क यांसारख्या, जेथे कायद्याचा अंमल वादग्रस्त नाही अशा शहरांतून वाहतात. तेथील शासनांना सीमेवरील दुअंमलाची सबब सांगता येणार नाही.